लीजची गाडी परत केली आणि बिल आलं? आधी पट्टी काढा

पुण्यात भाड्याचं घर सोडताना काय होतं, माहितीये ना? मालक भिंतींकडे बघतात आणि रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापतात. आपण म्हणतो, "काका, तीन वर्षं राहिलो, भिंत थोडी मळणारच की!" इंग्लंडमध्ये लीजची गाडी परत करताना अगदी हाच वाद होतो. फक्त इथे "थोडी मळणारच" म्हणजे किती, याला मिलिमीटरमध्ये माप आहे. आजचा भाग त्या मापाबद्दल.

मी इथे तीन वर्षांच्या लीजवर गाडी घेतली होती. मुदत संपली, कंपनीचा माणूस घरी आला, टॅबवर फोटो काढले, गाडी घेऊन गेला. दहा दिवसांनी ईमेलवर बिल आलं: ६१० पाउंड! पुढच्या चाकाचं रिम घासलंय, ८५. मागच्या दाराला पोचा, १२०. मागच्या बंपरवर ओरखडा, २१०. दुसरी किल्ली मिळाली नाही, १९५. खाली एक ओळ होती, चौदा दिवसांत भरा, नाहीतर प्रकरण वसुलीकडे जाईल.

अशी ओळ वाचली की पोटात गोळा येतो. नवीन देश, क्रेडिट रेकॉर्ड खराब व्हायची भीती. मग बरेच जण गुपचूप पैसे भरतात, किंवा फोन करून तावातावाने भांडतात. दोन्ही करू नका. बिल एका ओळीने वाचा आणि प्रत्येक ओळीला वेगळं उत्तर द्या.

आता ते माप. इथल्या लीज कंपन्यांची एक संघटना आहे, बीव्हीआरएलए. 'फेअर वेअर अँड टेअर', म्हणजे वापराने होणारी साहजिक झीज, यासाठी तिची ठरलेली नियमावली आहे आणि सभासद कंपन्यांनी ती पाळायची असते. त्यातले तीन आकडे लक्षात ठेवा. पोचा १५ मिलिमीटरपर्यंत चालतो, पण रंग फुटलेला नको आणि एका पॅनेलवर दोनपेक्षा जास्त नकोत. ओरखडा २५ मिलिमीटरपर्यंत चालतो, पण खालचा प्रायमर किंवा पत्रा दिसता कामा नये. रिमच्या कडेला घासल्याच्या खुणा सगळ्या मिळून ५० मिलिमीटरपर्यंत चालतात.

गाडी द्यायच्या आधी मी ती धुऊन, कोरडी करून, दिवसाच्या उजेडात प्रत्येक खुणेशेजारी पट्टी धरून फोटो काढले होते. रिमची खूण ४० मिलिमीटर. दाराचा पोचा १२, रंग शाबूत. दोन्ही रकमा रद्द करा, असं मी फोटो जोडून लिहिलं. किल्लीचं तर त्यांच्याच पावतीवर लिहिलं होतं, "किल्ल्या: दोन". ती पावती जोडली.

आणि बंपर? तो ओरखडा ६० मिलिमीटरचा होता, प्रायमर दिसत होता. ते पैसे माझ्याकडे निघतातच. तसं स्पष्ट लिहिलं आणि २१० पाउंड लगेच भरले. याचा फायदा असा, की बाकीचे ४०० 'थकवलेले' नाहीत, 'वादातले' आहेत, हे कागदावर आलं. शिवाय जे खरं ते आपण मान्य करतो, हेही समोरच्याला दिसलं.

आठवड्याभरात रिम आणि किल्ली रद्द. पोच्यावर मात्र अडले, म्हणे आमच्या फोटोत मोठा दिसतो. मी एकच विचारलं, "तुमच्या फोटोत माप कुठे आहे?" नव्हतंच. तेही १२० गेले.

समजा कंपनी ऐकलीच नाही, तर? ईमेलमध्ये स्पष्ट लिहा की ही माझी औपचारिक तक्रार आहे. त्यांच्याकडे अंतिम उत्तरासाठी आठ आठवडे असतात. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर वैयक्तिक लीजसाठी फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे जाता येतं. ग्राहकाला एक पैसाही लागत नाही. पण अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायचं, हे विसरू नका.

ज्यांची लीज अजून चालू आहे त्यांनी मुदतीच्या दहा-बारा आठवडे आधी गाडी स्वतः तपासा. म्हणजे एखादी खूण मापाबाहेर असेल, तर चांगल्या गॅरेजमधून दुरुस्त करून घ्यायला वेळ मिळतो. न्यायला माणूस आला की किल्ल्या, सर्व्हिसची नोंद, चार्जिंगची केबल, सगळं त्याच्या पावतीवर लिहून घ्या.

भारतात लीजवर गाडी घेतली असेल, तर हे मिलिमीटर तिथे लागू नाहीत. तिथे तुमचा करार काय म्हणतो ते बघा. पण पट्टी धरून फोटो, ओळीगणिक उत्तर आणि सगळं लेखी, हे तिथेही तितकंच चालतं. कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

तर मंडळी, पुढच्या वेळी असं बिल आलं की आवाज चढवायच्या आधी पट्टी काढा. भेटू पुढच्या भागात!