माळ पडीक नाही



कामगार चळवळीतला माणूस पाखरांवर काय बोलणार, असे काहींच्या मनात आले असेल. पण आठवड्याची सुटी आम्ही भांडून मिळवली, ती केवळ झोपा काढण्यासाठी नव्हे. गेल्या हिवाळ्यात अशाच एका सुटीला आम्ही चौघे कर्जत तालुक्यात, रेहेकुरीकडच्या माळावर पायी हिंडलो.

दख्खनच्या पठाराचा हा माळ लोकांच्या लेखी पडीक. पण सकाळी कान द्यावा, तर चंडोल गात गात आभाळात चढत असतो. धाविक आखूड गवतातून धावतो, थबकतो, पुन्हा धावतो. मध्य आशियातून आलेला भोवत्या आपल्या माळावरचे नाकतोडे खातो आणि रात्री गवतातच, भुईवर मुक्काम करतो. इतक्या दुरून पाहुणा ज्या घरी येतो, ते घर पडीक कसे?

ज्याच्यासाठी गेलो, तो माळढोक मात्र दिसला नाही. पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. सालिम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून याचेच नाव सुचवले होते; १९६३ साली मान मोराला मिळाला. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत त्याच्यासाठी अभयारण्य झाले, सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे! त्यात गावे आली, शेते आली. जमिनीच्या व्यवहारांना अडचणी आल्या. माळढोक म्हणजे सातबारावरचा बोजा, असे शेतकऱ्याला वाटू लागले. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. पण तोवर माळ नांगरले गेले होते, मोकळ्या गवतात झाडे लावली गेली होती, विजेच्या तारा आल्या होत्या. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी तारांवर आदळून मरतो. आज देशात रानावर उरलेले माळढोक दीडशेच्या आतच मानले जातात, तेही बहुतेक राजस्थानात.

ज्याला वाटाघाटीला बसवले नाही, त्याच्याकडून करार पाळला जात नाही, हा आमच्या चळवळीचा अनुभव आहे. पक्षी हवा की माणूस, असे विचारून दोघांना झुंजवू नका. जो मेंढपाळ, जो कोरडवाहू शेतकरी माळ मोकळा राखतो, त्याला आधी विचारा आणि राखणीचा मोबदला द्या. माळढोकाच्या बाबतीत ही बैठक झालीच नाही. चंडोल, धाविक, भोवत्या अजून आहेत. त्यांच्यासाठी तरी ती वेळेवर बोलवावी, एवढीच माझी मागणी आहे.