माहेरपण आणि आपले मंडळ

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात बेळ्ळंदूर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून कौतुकाचे चार शब्द बोलावेत अशी रीत आहे. पन्नास वर्षांचा आढावा इतर वक्ते आमच्याहून अधिक अधिकाराने घेतीलच. आम्ही मात्र जो विषय मांडणार आहोत, तो अशा प्रसंगी कित्येकांना अप्रस्तुत वाटेल. गरोदरपणात पतीकडून मारहाण, धमक्या किंवा पैशाची कोंडी सोसणाऱ्या स्त्रीला आपण, तिचे शेजारी आणि मंडळातील माणसे, काय आधार देऊ शकतो, हा तो विषय होय.

या विषयाचे मूळ आमच्याच एका चुकीत आहे. आमची नोकरी केंद्र सरकारची, बदलीची. बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरी असताना, परिचयाच्या मराठी कुटुंबातील सून एका संध्याकाळी एकटीच आमच्या घरी आली. तिला सातवा महिना होता. मनगटावर काळेनिळे डाग दिसत होते. तिने तोंड उघडण्यापूर्वीच आम्ही चहा मागविला आणि दूरध्वनी करून तिच्या पतीला बोलावून घेतले. दोघांना समोर बसवून समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. तो हसून ‘हो’ म्हणाला, तीही ‘हो’ म्हणाली. एक संसार सावरल्याच्या समाधानात आम्ही झोपी गेलो. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही. मूल दिवस भरण्याआधीच जन्मले, एवढे पुढे कानावर आले. मारणाऱ्याच्या देखत मार खाणारीला विचारावयाचे नसते, हे बी. ए. झालेल्या आणि जन्मभर फायली वाचणाऱ्या माणसाला ठाऊक नव्हते!

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल आहे. डोहाळजेवण झाले की मुलगी माहेरी जाई. (कानडी शेजारी त्यालाच सीमंत म्हणतात.) आपण हा केवळ लाडाचा भाग समजतो. परंतु तेथे आई तिच्या अंगाला तेल लावीत असे, तिला न्हाऊ घालीत असे. पाठीवरचा वळ त्या हातांपासून लपत नसे. न विचारता चौकशी होऊन जात असे. अर्थात त्याच माहेराने ‘आता तेच तुझे घर’ म्हणून तिला परतही धाडले आहे, तेव्हा जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही.

ज्यांना माहेरही थारा देत नव्हते अशा गरोदर विधवांसाठी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनी पुढे दत्तक घेतले. त्या गृहाची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. आलेल्या बाईचा आधी निवाडा आणि मग आसरा, असे तेथे नव्हते.

आता आपल्या बेळ्ळंदूरकडे पाहा. मंडळ स्थापन झाले तेव्हा हे तळ्याकाठचे खेडे होते. आज येथील उंच इमारतींत शेकडो मराठी बिऱ्हाडे आहेत. पुणे येथून साडेआठशे किलोमीटर दूर. आई येते ती बहुधा बाळंतपणाच्या तोंडावर. शिवाय संगणकावरील कचेरी घरातच आल्यापासून पती दिवसभर घरी असतो, म्हणजे आईशी दूरध्वनीवर मोकळेपणी बोलण्यासही त्या मुलीला कोपरा उरत नाही.

हे अपवादानेच घडते असे कोणी म्हणेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३ टक्के स्त्रियांनी गरोदरपणी मारहाण झाल्याचे सांगितले. कर्नाटकात हे प्रमाण ६ टक्क्यांच्या घरात होते. मुंबईत सार्वजनिक रुग्णालयांच्या प्रसूतिपूर्व तपासणीत प्रशिक्षित स्त्रियांनी एकांतात विचारले, तेव्हा शंभरातील सुमारे सोळा जणींनी छळ होत असल्याचे सांगितले. दुसऱ्या चौकशीत शिवीगाळ, मानसिक छळ यांचाही समावेश होता, हे खरे. तरीही कोण विचारतो आणि कोठे विचारतो, यावर उत्तर अवलंबून असते असे आमचे मत झाले आहे. हे काम करणाऱ्या ‘सेहत’ संस्थेने मुंबई महानगरपालिकेबरोबर २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले होते. रुग्णालयातच केंद्र काढण्यात मोठे शहाणपण आहे. गरोदर स्त्रीला तपासणीस जाण्यापासून अडविणे कठीण असते. पोलीस चौकीत जाणारी बाई साऱ्यांच्या नजरेत येते, दवाखान्यात जाणारी येत नाही.

आपणही तपासणीच्या दिवशी तिच्याबरोबर जावे. डॉक्टरीणबाईंनी तिला क्षणभर एकटीला भेटावे, असे आधी सुचवून ठेवावे. ती सांगेल त्यावर विश्वास ठेवावा, ‘तू काय केलेस?’ असे विचारू नये, आणि ‘आजच्या आज घर सोड’ असाही आग्रह धरू नये. घर सोडण्याची वेळ पुष्कळदा सर्वांत धोक्याची असते. ती वेळ तिनेच ठरवावयाची. तोवर तायी कार्डाच्या व आधारपत्राच्या प्रती, तपासणीचे कागद, थोडे पैसे आणि दोन कपडे विश्वासू घरी ठेवता येतात. पोटाला मार लागला, रक्तस्राव झाला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

‘दुसऱ्याच्या घरात कोणी पडावे?’ ही शंका आमच्यासारख्या सरकारी माणसाला तर फारच छळते. त्याचे उत्तर कायद्यात आहे. २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या चौथ्या कलमान्वये कोणीही संरक्षण अधिकाऱ्यास खबर देऊ शकतो; ती सद्हेतूने दिली असल्यास त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. घर पतीच्या नावावर असले तरी तेथे राहण्याचा पत्नीचा हक्क हा कायदा मानतो. शिवाय ती तात्पुरती जेथे राहत असेल, तेथील दंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. म्हणजे सांगलीला आईकडे गेलेल्या मुलीला अर्जासाठी बंगळुरास परत यावे लागत नाही. क्रूरतेबद्दलचे जुने ४९८-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ क्रमांकाने आले आहे.

कार्यकारिणीपुढे आमची एकच सूचना आहे. मंडळातील दोन जाणत्या भगिनींनी हे काम अंगावर घ्यावे. पण त्यांची नावे या स्मरणिकेत छापू नयेत, कारण स्मरणिका तो पतीही वाचणार. ती नावे हळदीकुंकवाला तोंडी सांगावीत. छापावयाचे ते शेवटच्या पानावरील कोष्टकात. तेथे रुग्णवाहिकेचा १०८, वीज व गॅस यांचे क्रमांक असतातच. त्यांच्याच ओळीत महिला साहाय्यवाणीचा १८१ आणि तातडीच्या मदतीचा ११२ छापावा. मग ते पान स्वयंपाकघरात लावले, तर ते का लावले असे घरात कोणी विचारणार नाही.