काळ उलटा जातो का?

(करंजाडे येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



"तू इंजिनिअर आहेस, विज्ञानावर काहीतरी बोल, पण लवकर आटप, जेवण तयार आहे," असं मला सांगण्यात आलंय. म्हणून थेट सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वी आईला पेट स्कॅनसाठी इथून जवळच, खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये न्यायचं होतं. आदल्या रात्री ती घाबरली होती. मी समजावलं, की शिरेतून एक प्रकारची साखर देतात, तिला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं असतं. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात. त्या फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन बाहेर पडतात. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचाच जुळा भाऊ, वस्तुमान तेवढंच, विद्युतभार उलटा. यालाच प्रतिद्रव्य म्हणतात. डिरॅक यांच्या १९२८च्या समीकरणातून त्याची चाहूल लागली आणि १९३२मध्ये अँडरसन यांना तो वैश्विक किरणांत सापडला. शरीरात जेमतेम मिलिमीटरभर गेला की त्याला इलेक्ट्रॉन भेटतो, दोघंही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. मशीन तेच टिपतं. दर ११० मिनिटांनी ते फ्लोरिन निम्मं होतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

मग उगाच शहाणपणा केला. म्हटलं, "आई, पॉझिट्रॉन म्हणजे काळात उलटा जाणारा इलेक्ट्रॉन असं धरूनही गणित करता येतं. फाइनमन यांनी १९४९मध्ये तसं मांडलंय."

आई म्हणाली, "म्हणजे उद्या माझ्या अंगात काळ उलटा जाणार? मग दुखणं यायच्या आधी नेऊन सोड म्हणावं."

मी हसले आणि विषय बदलला. खरं म्हणजे मला उत्तर येत नव्हतं.

नंतर वाचलं. फाइनमन यांची ती गणिताची सोय आहे, घड्याळ कुणाचंच उलटं फिरत नाही. पण दोन कणांच्या टकरीचं चित्रीकरण उलटं दाखवलं, तर ते बहुधा ओळखूही येणार नाही. मग आपलंच आयुष्य एका दिशेनं का जातं? आपली शाळा सुटायची ते आठवा. घंटा झाली की रांग मोडायची. एकट्या मुलाचं धावणं उलटं दाखवलं तरी खरंच वाटेल. पण मैदानभर पांगलेली सगळी मुलं, कुणी न सांगता, आपापल्या जागी रांगेत येऊन उभी राहिली, असं कधी झालं नाही. पांगण्याच्या तऱ्हा असंख्य, रांगेची एकच. काळाची दिशा मुख्यतः अशी गर्दीतून येते. चहा निवतो, आपण म्हातारे होतो, ते यामुळेच.

तरीही एकेका कणाच्या पातळीवर बारीकसा फरक सापडलाच. द्रव्य आणि प्रतिद्रव्य अगदी सारखं वागत नाही, हे १९६४मध्ये के-मेसॉन कणांत दिसलं, २००१मध्ये बी-मेसॉनांत. २०१२मध्ये कॅलिफोर्नियातल्या बाबार प्रयोगानं दाखवलं, की बी-मेसॉनांचं एक रूपांतर आणि त्याचंच उलटं रूपांतर सारख्या वेगानं होत नाही. जपानमधल्या बेल-२ प्रयोगात हाच शोध पुढे चालू आहे. त्याच्या सिलिकॉन शोधकाचा चौथा थर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटानं तयार केलाय.

एवढा खटाटोप का? विश्वाच्या सुरुवातीला द्रव्य आणि प्रतिद्रव्य जवळजवळ समसमान होतं. दर अब्जामागे साधारण एक कण द्रव्याचा जास्त. बाकी सगळं एकमेकांत विरलं, आणि त्या उरलेल्या एकातून तारे झाले, आपण झालो. तो एक का उरला, याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही. आजवर सापडलेला फरक त्याला फारच अपुरा पडतो.

बाई, तुम्हाला वर्गात एखादं उत्तर आलं नाही, तर तुम्ही म्हणायचात, "मला माहीत नाही, उद्या बघून सांगते." आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगायचात. आईच्या बाबतीत मला ते जमलं नाही. स्कॅननंतर ती अडीच वर्षं होती. तेवढ्यात सांगता आलं असतं, की आई, काळ मागे नेता येत नाही, पण तू विचारलंस तो प्रश्न खुळा नव्हता, मोठमोठी माणसं त्याच्याच मागे आहेत.

ते राहून गेलं. म्हणून आज तुम्हाला सांगितलं. घरी कुणी असा प्रश्न विचारला, तर हसण्यावारी नेऊ नका.

चला, जेवण निवतंय.