बंद दारामागचं सॉफ्टवेअर



"तू नक्की काय काम करतेस गं?" असं कालपासून चौघांनी विचारलंय. आज माइक हातात आहे, तर तेच सांगते.

मी सांभाळते त्या सर्व्हरना इंटरनेट नाही. बाहेरच्या कुणी आत शिरू नये म्हणून ते मुद्दाम तोडलेलं असतं. पण आमचं सगळं काम चालतं ओपन सोर्सवर, म्हणजे जगभरच्या लोकांनी लिहून सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या सॉफ्टवेअरवर. ते राहतं इंटरनेटवर. मग बाहेरच्या संगणकावर उतरवा, तपासा, सही घ्या आणि पेन ड्राइव्हवरून आत न्या. त्यात एका लायब्ररीला दुसरी लागते, दुसरीला तिसरी. आमंत्रण एकाला द्यावं आणि दारात अख्खा गोतावळा उभा राहावा, तसं. एखादी राहिली की पुन्हा अर्ज, पुन्हा सही. शेवटी कंटाळून आम्ही आतच सगळ्याच्या प्रती ठेवणारं भांडार उभारलं.

मार्च 2016मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाची 11 ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने रागाने काढून घेतली आणि जगभर कामं अडली. आमचं काहीच अडलं नाही. मी ऑफिसात जरा मिरवलेसुद्धा.

ते मिरवणं डिसेंबर 2021मध्ये उतरलं. 'लॉगफोरजे' ही नोंदी ठेवणारी जावाची लायब्ररी. तिच्याकडे ठरावीक मजकूर नोंदीला गेला, की सर्व्हर दुसरीकडून कोड आणून चालवायचा! वरिष्ठ म्हणाले, "आपल्याला काय, आपल्याकडे नेटच नाही." पण आतलाच एखादा संगणक बिघडला तर? म्हणून शोधायला बसलो, ती कुठे कुठे आहे. भांडारात प्रत होती. ती कुणी कुठे नेली, याची नोंद मात्र मी ठेवली नव्हती. बाई, परीक्षानळी घेतली तरी तुम्ही वहीत नाव लिहायला लावायचात. त्या रात्री तुमची फार आठवण झाली.

जावाच्या फाइली एकीच्या पोटात दुसरी अशा दडलेल्या असतात. एकेक उघडून पाहिली. दुरुस्त आवृत्ती 2.15.0 आत नेतोय तोवर 2.16.0 आली, मग 2.17.0, आणि महिनाअखेर 2.17.1. दर वेळी आम्ही सहीच्या रांगेत. दार धोका अडवतं, तसं औषधही अडवतं.

त्या दुरुस्त्या करणारे स्वयंसेवक होते. आम्ही वर्षानुवर्षं त्यांचं काम फुकट वापरलं आणि आत सापडलेली एक चूकही कधी त्यांना कळवली नाही. दार बंद, हे आमचं कारण. खरं तर आळस. आता परवानगी घेऊन मी सुटीच्या दिवशी घरून कळवते. गेल्या महिन्यात एका लायब्ररीत माझी चार ओळींची दुरुस्ती स्वीकारली गेली.

ती आमच्या सर्व्हरवर पोचायला अजून दोन सह्या बाकी आहेत.