गर्भाशयमुखाच्या तपासणींत दोष आढळल्यास

तपासणीच्या कागदावर ‘पेशींत विकृति आढळली’ एवढें वाक्य वाचलें, कीं त्या स्त्रीचें मन थेट मृत्यूपर्यंत पोंचतें. हा कागद कर्करोगाचा निर्णय नव्हे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. ही विकृति बहुतकरून एच. पी. व्ही. नांवाच्या विषाणूच्या संसर्गानें होते. तो इतका सर्वसाधारण आहे कीं, त्यावरून कोणाच्या शीलाविषयीं तर्क करणें हा शुद्ध मूर्खपणा होय. बहुतेकींच्या शरीरांतून तो दोन वर्षांच्या आंत आपोआप नाहींसा होतो. म्हणून विकृति सौम्य असल्यास डॉक्टर पुष्कळदां वर्षभरानें पुन्हां बोलावतात. ती तारीख चुकवूं नये. कांहीं दुखत नाहीं म्हणून टाळाटाळ करणें व्यर्थ. या अवस्थेंत बहुधा कांहींच दुखत नाहीं.

विकृति तीव्र असेल तर मात्र वाट पाहणें घातक ठरतें. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या एका रुग्णालयांत १९६६ सालापासून अशा कित्येक स्त्रियांना पुरा उपचार न देतां नुसतें नजरेखालीं ठेवण्यांत आलें, आणि पुष्कळ जणींना त्याची कल्पनाहि नव्हती! न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांचा चौकशी-अहवाल १९८८ सालीं आला. पुढें २००८ सालीं हिशेब प्रसिद्ध झाला: अपुरा उपचार झालेल्यांपैकीं तीस वर्षांत शेंकडा सुमारें ३१ जणींना कर्करोग झाला; योग्य उपचार झालेल्यांत हें प्रमाण शेंकडा एकाहूनहि कमी होतें.

आणि हा उपचार तरी केवढा? सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरांतलेंच आम्ल, लावून कॉल्पोस्कोप या भिंगाच्या यंत्रांतून गर्भाशयमुख पाहतात. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. त्याचा लहानसा तुकडा तपासून, जरूर तर तेवढाच भाग विजेच्या तारेच्या फांसानें काढतात किंवा गोठवून नष्ट करतात. बहुधा त्याच दिवशीं घरीं जातां येतें. पुढें मूल होण्याची आशाहि राहते.

याउलट, बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या अनेक स्त्रियांचीं गर्भाशयें काढल्याचें प्रकरण २०१९ सालीं गाजलें. कर्करोग होईल अशी भीति आपणांस घातली गेली, असें त्यांतील कित्येकींनीं सांगितलें. अंगावरून पांढरें जातें किंवा चाचणींत विकृति दिसली, एवढ्यावरून कोणी ‘पिशवी काढा’ म्हणाल्यास, कॉल्पोस्कोपनें पाहिलें काय, तुकड्याचा अहवाल काय आला, हें स्पष्ट विचारावें. तो अहवाल लेखी मागून घ्यावा व दुसऱ्या डॉक्टरांसहि दाखवावा. तीव्र विकृतीवरील उपचारानंतर तपासणी पुढें अनेक वर्षें चालूं ठेवावी लागते. तेव्हां गांव बदललें तरी तो कागद बरोबर न्यावा.