घरच्या घामाचा हिशेब



कपाशीच्या पैशातून बी-खत-फवारणीचा खर्च वजा करायचा आणि उरेल त्याला नफा म्हणायचे, ही आपली रीत. पण घरची माणसे महिनोन्‌महिने राबली, त्यांची मजुरी कुठे मांडली? स्वतःच्या जमिनीचा खंड कुठे धरला?

हा हिशेब शिकवणे हे कृषी अर्थशास्त्राचे पहिले काम. जळगाव-धुळे ज्याच्या कक्षेत येतात, त्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या विषयाचा विभाग आहे. १९७०-७१ पासून देशात पिकांच्या उत्पादनखर्चाची योजना चालू आहे. महाराष्ट्रातले ते काम राहुरीकडे. निवडलेल्या शेतकऱ्यांचा खर्च नोंदवतात, त्यात घरची मजुरीही धरतात. हमीभाव सुचवताना कृषी मूल्य आयोग हेच आकडे पाहतो.

दुसरे काम अन्नाचे. सगळ्या रानात कपाशी लावली, तर भाकरीची ज्वारी आणि कळण्याचे उडीद विकत आणावे लागतात. भाव पडला की खिसा रिकामा अन्‌ कणगीही! २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते खरे. पण बैलाचा कडबा रेशनवर मिळत नाही. म्हणून घरी ठेवलेले धान्य, कडबा हेही उत्पन्नच समजा, वहीत लिहा.

गुरुजी, नफातोट्याचे गणित मुलांना घरच्या शेताचेच घाला. आई किती दिवस निंदायला गेली, तेवढे मोजायला मात्र विसरू देऊ नका.