सैनिकाचे डिस्चार्ज बुक व आपला हक्क



१९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली व आपल्या घराघरांतून शिपाई तीत गेले. परंतु १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर लढलेल्याच्या डिस्चार्ज बुकात ती तैनाती व 'पूर्वी स्टार' नसेल, तर लेखनिकाचा प्रमाद म्हणून गप्प बसू नये. सरकारदरबारी कागदच साक्ष देतो.

रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा. महार रेजिमेंटचे कार्यालय सागर येथे आहे. त्यात सैनिक क्रमांक, पलटण व काळ नमूद करावा. पार्ट टू ऑर्डर तपासून नोंद दुरुस्त करावी, अशी मागणी करावी. साक्षांकित प्रती जोडाव्यात, पोच जपावी. धम्मदीक्षेनंतर नाव बदलले असल्यास राजपत्राची प्रतही द्यावी. म्हणजे जुने व नवे नाव एकाच माणसाचे ठरते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साह्य घ्यावे. अंतिम नकार आल्यास २००७ च्या कायद्यान्वये सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत दाद मागावी.

अर्जात 'मेहेरबानी व्हावी' असे लिहू नका. 'दुरुस्ती करावी' असे लिहा. बाबासाहेबांनी आपल्याला हक्काची भाषा शिकविली आहे.

जयभीम!